गावात बाग आणि खेळाचं मैदान: सातबाऱ्यापासून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत

तालुक्याच्या कुठल्याही रस्त्याने जा, एखाद्या गावाच्या वेशीजवळ हे दिसतंच. कमानीवर रंगवलेलं नाव, गेटला कुलूप, आत पिवळी पडलेली लॉन, दोन झोपाळ्यांपैकी एकाची नुसती साखळी लोंबकळतेय. आणि ज्या पोरांसाठी हा खटाटोप केला ती पलीकडच्या पडीक रानात स्टंप रोवून क्रिकेट खेळतायत. अशी बाग पाहिली की ‘पैसे खाल्ले’ असं आपण म्हणून टाकतो. कधीकधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा कारण साधं असतं. पहिल्या वर्षी निधी मिळाला, उद्घाटन झालं, आणि दुसऱ्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून आणायचं आणि ते घालायचं कुणी, हे ठरलेलंच नव्हतं.

म्हणून खालचा क्रम दुसरा उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून लावला आहे. दोन-तीन हजार वस्तीचं गाव, दहा-एक गुंठे मोकळी जागा आणि ग्रामपंचायतीच्या हातात बेताचा पैसा, एवढं गृहीत धरलं आहे.

आधी नुसतं बघा

आराखडा काढण्याआधी आठवडाभर गावातली मोकळी जागा वेगवेगळ्या वेळी पाहून या. पहाटे कोण चालायला निघतं, कुठल्या रस्त्याने? शाळा सुटल्यावर पोरं कुठे थांबतात? म्हातारी माणसं कुठल्या पारावर बसतात, आणि उन्हं कलली की पाराच्या कुठल्या बाजूला सरकतात? मुली कुठे खेळतात? बहुतेक गावांत या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘सातवी-आठवीनंतर कुठेच नाही’ असं असतं. ते उत्तर वहीत लिहून ठेवा, आराखड्याच्या वेळी उपयोगी पडेल.

जमिनीवरच्या पायवाटा बघा. मोकळ्या जागेतून तिरकी गेलेली, गवत झिजवून पडलेली वाट म्हणजे लोकांनी आधीच काढून ठेवलेला नकाशा असतो. तिच्यावर भिंत घातलीत तर महिन्याभरात भिंतीला खिंडार पडतं. तिथे फाटक ठेवलंत तर तेच तुमचं मुख्य प्रवेशद्वार होतं.

पोरं जिथे आज खेळतायत ती जागा बागेसाठी घेऊ नका. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. क्रिकेटच्या मैदानावर लॉन येते, मग ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी येते, आणि गावाकडे होतं ते एकमेव मैदानही जातं. असलेलं मैदान सपाट करून, कडेने झाडं लावून चांगलं करणं हे नव्या बागेपेक्षा स्वस्त पडतं आणि जास्त वापरलं जातं.

जागाच नसेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान आहे. शाळा सुटल्यानंतर आणि सुटीच्या दिवशी ते गावाला वापरता यावं म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाची लेखी परवानगी घ्या. स्वच्छता कोण करणार, काच फुटली तर कोण भरणार, संडासाची चावी कुणाकडे, हे त्याच कागदावर लिहा. लहान वाडी-वस्तीला बऱ्याचदा एवढंच पुरतं.

जागेचा कागद

इथे घाई करू नका. पुढची सगळी भांडणं याच टप्प्यात पेरली जातात.

जागा कुणाची हे आधी ठरवा. गावठाणाबाहेरची असेल तर सातबारा काढा; गावठाणातली असेल तर मिळकत पत्रिका बघा. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली आहे, त्यामुळे पूर्वी नकाशाच नव्हता अशा बऱ्याच गावांत आता पत्रिका मिळते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना 24 ही जमिनीची नोंदवही असते, तिच्यात ही जागा आहे का ते पाहा. या कागदांचा मेळ बसत नसेल तर पुढे जाऊ नका. तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, दोघांना एका टेबलाशी बसवून तो प्रश्न आधी सोडवा.

जागा साधारण चार प्रकारची निघते.

पहिली, गावठाणातली ग्रामपंचायतीची मोकळी जागा. ही सगळ्यात सोपी. तिच्यावर कुणाचा उकिरडा, सरपणाचा ढीग, गोठ्याची पडवी आलेली असते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 53 खाली अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. पण नोटीस बजावण्याआधी त्या घरी जाऊन चहा घ्या आणि उकिरड्यासाठी दुसरी जागा सुचवा. निम्मं काम तिथेच होतं.

दुसरी, गायरान. ‘गायरान म्हणजे गावाचीच जागा’ असं लोक धरून चालतात, पण ती जमीन शासनाची असते आणि गुरांच्या चराईसाठी राखलेली असते. जगपाल सिंग खटल्यात 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींबाबत कडक निकाल दिला, त्यानंतर राज्य शासनानेही निर्बंध घातले. जमीन महसूल संहितेच्या कलम 22अ मध्ये गायरानाचा वापर बदलण्यावर बंधन आहे. सार्वजनिक प्रयोजन असेल तर ठरावासह प्रस्ताव तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. त्याला वेळ लागतो, आणि परवानगीआधी कुंपण घातलंत तर ग्रामपंचायतच अतिक्रमणदार ठरते. माझं मत विचाराल तर, गुरं अजून चरत असतील त्या गावात गायरानाच्या वाटेला जाऊ नये.

तिसरी, नव्या प्लॉटिंगमधली खुली जागा. मंजूर अभिन्यासात, म्हणजे लेआउटमध्ये, 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्राला 10 टक्के मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. रस्त्याकडेच्या, वाढत्या गावांत अशा जागा कागदावर असतात आणि प्रत्यक्षात तिथे खडी-वाळूचा ढीग असतो. मंजूर नकाशाची प्रत मागवा. ही जागा त्या लेआउटमधल्या रहिवाशांच्या वापरासाठी असते, त्यामुळे त्यांना सोबत घेतल्याशिवाय काही करू नका.

चौथी, दानाची जागा. कुणी मोठ्या मनाने पाच गुंठे देतो म्हणतो, सभेत टाळ्या पडतात, नारळ फुटतो. दहा वर्षांनी मुलगा किंवा पुतण्या येऊन विचारतो, ‘कागद कुठाय?’ स्थावर मालमत्तेचं दान नोंदणीकृत बक्षीसपत्राशिवाय पुरं होत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवा, सातबाऱ्यावर फेरफार करून घ्या, आणि मगच पहिला खड्डा खणा. दात्याचं नाव लावायचं ठरलं असेल तर पाटी केवढी आणि कुठे, हेही आधीच लिहून घ्या.

जागा कुठलीही असो, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून चारी हद्दी दगडांनी कायम करा. शेजाऱ्याच्या बांधावर पुढे होणारा वाद मोजणीच्या फीपेक्षा कितीतरी महाग पडतो.

आणि प्रत्यक्ष जागेवर वर-खाली बघा. वरून उच्चदाबाची वीजवाहिनी जात असेल तर खाली खेळाची जागा करू नका. कठडा नसलेली विहीर, ओढ्याची पूररेषा, शंभर फुटांवरची स्मशानभूमी, दारूचं दुकान, ट्रॅक्टर वळायची जागा: यांतलं काय टाळता येतं आणि काय येत नाही ते आत्ताच ठरवा. दहा गुंठ्यांची जागा एकाच भावकीच्या गल्लीत आत असेल तर बाकीचं गाव तिथे फिरकणार नाही. बौद्ध वस्ती, वरची आळी, खालची आळी, सगळ्यांना अडखळल्याशिवाय येता येईल अशी रस्त्यालगतची जागा थोडी लहान असली तरी चालेल.

ग्रामसभेत विषय कसा न्यावा

विषय आयत्या वेळी मांडू नका. विषयपत्रिकेवर लिहून घ्या. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी माणसं जमवणं तुमचं काम. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, बागेचा विषय तिथे नक्की न्या. पुरुषांच्या सभेत ओपन जिम आणि कमानीवर बोलणं होतं. बायकांच्या सभेत दिवा, संडास आणि ‘तिथे टवाळ पोरं बसणार नाहीत ना’ हे प्रश्न येतात, आणि बाग वापरली जाईल की नाही ते याच प्रश्नांवर ठरतं. मुलांची बालसभा घेता आली तर आणखी चांगलं. मुलं झोपाळा मागतीलच, पण ‘गावात सगळ्यात मजा कुठे येते?’ असं विचारलंत तर चिंचेचं झाड, वाळूचा ढीग, ओढ्याकाठची घसरण अशी उत्तरं येतात. त्यांतली निम्मी फुकटात करता येतात.

ठरावात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: जागेचा गट किंवा मिळकत क्रमांक, कशासाठी वापर, देखभालीचा वार्षिक खर्च कुठल्या निधीतून, आणि देखभालीची जबाबदारी कुणावर. अधिनियमाच्या कलम 49 खाली ग्रामविकास समित्या नेमता येतात. त्यांतली एक या कामासाठी नेमा. समितीत निम्म्या बायका आणि दोन कॉलेजची पोरं घ्या. पोरांना बाहेर ठेवलंत की ती बागेच्या विरोधात जातात, आत घेतलंत की तीच राखण करतात.

नावाचा आणि पुतळ्याचा विषय मात्र वेगळ्या सभेत घ्या. पुतळ्याला जिल्हाधिकारी स्तरावरची परवानगी लागते. नावावरून पडलेली फूट बागेचं काम वर्षभर अडवू शकते.

पाण्याचा हिशेब

आता वही-पेन घ्या. तीनशे चौरस मीटर लॉन, म्हणजे जेमतेम तीन गुंठे. उन्हाळ्यात तिला दिवसाला कमीत कमी पाच मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला पाच लिटर, एकूण रोज 1500 लिटर. जलजीवन मिशनचं माणशी प्रमाण दिवसाला 55 लिटर आहे. म्हणजे तुमची लॉन सत्तावीस माणसांचं पाणी पिते, आणि तेही टँकर सुरू असलेल्या महिन्यांत. आता याच जागेच्या कडेने तीस झाडं लावा. नव्या झाडाला आठवड्यातून दोनदा पंधरा लिटर धरलं तरी सगळ्यांचं मिळून आठवड्याला 900 लिटर होतं. लॉनचं एका दिवसाचं पाणी झाडांना दीड आठवडा पुरतं, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी बरीच देशी झाडं आपल्या पायावर उभी राहतात.

एवढी आकडेमोड करून दाखवली की ग्रामसभेत लॉनचा हट्ट सुटतो. फोटोसाठी फारच हवी असेल तर पारासमोर चटईएवढी करा.

पाणी कुठून? सार्वजनिक विहिरीच्या बाजूचं सांडपाणी, हातपंपाखालचं वाहून जाणारं पाणी, आरओ प्लांट असेल तर त्याचं वाया जाणारं पाणी (हे क्षारयुक्त असतं, एकट्या त्याच्यावर झाडं जगवू नका). हजार-दोन हजार लिटरची टाकी थोड्या उंचीवर ठेवून ठिबकची नळी फिरवली की मोटर लागत नाही. नळी उंदीर-खारी कुरतडतात, म्हणून वर्षातून एकदा तोट्या बदलण्याचा खर्च धरा.

दहा गुंठ्यांत काय बसतं

दहा गुंठे म्हणजे सुमारे 1012 चौरस मीटर. समजा जागा 25 बाय 40 मीटर आहे.

कडेने दीड मीटर रुंदीची मुरमाची चालवाट काढा. एक फेरी साधारण 120 मीटरची होते, आठ फेऱ्यांत जवळपास एक किलोमीटर. सकाळी चालणाऱ्या बायका आजवर डांबरी रस्त्याच्या कडेने, ट्रकला अंग चोरत चालतात. त्यांना हीच वाट सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

आत व्हॉलीबॉलचं मैदान: 18 बाय 9 मीटर, चारी बाजूंनी तीन मीटर मोकळी जागा धरून 24 बाय 15. याच जागेत कबड्डीही होते. पुरुषांचं मैदान 13 बाय 10, महिलांचं 12 बाय 8 मीटर. खो-खोला मात्र 27 बाय 16 आणि बाहेर मोकळी जागा लागते, तो हवा असेल तर बाकीचं आकसावं लागेल. मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे संध्याकाळचा सूर्य कुणाच्या डोळ्यांत जात नाही. नेटचे खांब काढता येतील असे बसवा; खेळ बदलताना आणि लग्नाच्या मांडवालाही तेच सोयीचं.

उरलेल्या 13 बाय 21 मीटरच्या तुकड्यात लहान मुलांचा कोपरा आणि बसायची जागा. हे दोन्ही शेजारी हवं, कारण नातवंडावर नजर ठेवत आजी बसणार आहे. मैदानाच्या कडेच्या पट्टीत झाडं, त्यांच्या सावलीत व्यायामाची दोन-चार साधनं.

मोठ्या उदाहरणाकडून शिकायचं तर मुंबईचं शिवाजी पार्क बघा. 1925 मध्ये ते माहीम पार्क म्हणून खुलं झालं आणि 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने त्याला आजचं नाव मिळालं. मधे मोकळं मैदान, आणि भोवती कट्टा. कट्ट्यावर बसायला खेळता यावं लागत नाही, तिकीट लागत नाही, आणि बसलेल्यांची नजर मैदानावर राहते. आपल्या दहा गुंठ्यांनाही हीच युक्ती लागू पडते: दीड फूट उंच, दीड फूट रुंद दगडी कट्टा कुंपणाच्या आतून फिरवा. सिमेंटच्या बाकांवरचा खर्च वाचतो आणि कुणी उचलूनही नेत नाही.

जमीन काळी असेल तर वरचा फूटभर थर काढून मुरूम भरा, पाणी मारून रोलर फिरवा, शंभराला एक उतार द्या आणि पाणी झाडांकडे वळवा. कोकणात जांभा हाताशी असतो, वाट आणि कट्टा त्याचाच करा. पेव्हर ब्लॉक सगळीकडे अंथरायचा मोह टाळा. ठेकेदाराला तो आवडतो, पण विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात संध्याकाळी सातलाही त्यातून वाफ येते.

फाटक किमान तीन फूट रुंद, उंबरा नसलेलं, आणि चढ असेल तर बाराला एक (बारा फूट लांबीत एक फूट उंची) या प्रमाणात. गुरं शिरू नयेत म्हणून लोक फिरतं किंवा वळणाचं फाटक लावतात, त्यातून चाकाची खुर्ची आणि बाळाची गाडी जात नाही. साधं, आपोआप बंद होणारं जड फाटक लावा. कुंपण जाळीचं असावं. उंच भिंतीमागे काय चाललंय हे रस्त्यावरून दिसत नाही, आणि जिथे दिसत नाही तिथे बायका-मुली जात नाहीत.

झाडं

कडेला कडुलिंब, करंज, बकुळ, ताम्हण, बहावा, कांचन. एका कोपऱ्यात जांभूळ आणि आवळा. जागा मोठी असेल तर एक वड किंवा पिंपळ, आणि त्याला पुढे पार बांधायला चारी बाजूंनी जागा सोडून. वडाला भिंतीपासून आणि पाइपलाइनपासून लांब ठेवा. गुलमोहर वादळात फांद्या टाकतो, झोपाळ्यावर त्याची सावली नको. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो. शोभेला म्हणून ती मुलांच्या कोपऱ्यात लावलेली दिसते, काढून टाका. झटपट हिरवं दिसतं म्हणून कोनोकार्पस हे परदेशी झाड कुणी सुचवलं तर नाही म्हणा. गुजरातने 2023 मध्ये त्याच्यावर बंदीच घातली.

रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून सवलतीत मिळतात, मागणी उन्हाळ्यातच नोंदवा. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे मे महिन्यात खणून तापू द्या, शेणखत-मातीने भरा, आणि एक-दोन चांगले पाऊस झाले की लावा. वीतभर रोप शेळीच्या एका घासाचं असतं. पाच-सहा फुटी रोप, काठी आणि बांबूची जाळी यांवर जास्त पैसे घाला, रोपांची संख्या कमी झाली तरी चालेल. प्रत्येक झाड नमुना 33 या वृक्ष नोंदवहीत चढवा.

खेळणी आणि ओपन जिम

झोपाळा दिसतो त्यापेक्षा फार जागा खातो. आडव्या पाइपची उंची 2.4 मीटर असेल तर पुढे 4.8 आणि मागे 4.8 मीटर मोकळं हवं, बाजूंना सहा फूट. म्हणून तो कोपऱ्यात, धावपळीच्या वाटेपासून दूर. एका चौकटीत दोनच झोपाळे. बसायची पाटी रबराची. लोखंडी किंवा लाकडी पाटी मागून येऊन डोक्याला लागते. खाली फूटभर वाळू, आणि ती गोल दाण्याची, कारण क्रशरची वाळू दाबली जाऊन फरशीसारखी घट्ट होते. पायाचं काँक्रीट वाळूखाली राहिलं पाहिजे. वर उघडं पडलेलं काँक्रीटचं ढेकूळ हीच सगळ्यात जास्त लागण्याची जागा. शिडी, कठडे, जाळ्या यांतल्या फटी एकतर नऊ सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा तेवीसपेक्षा जास्त ठेवा. मधल्या मापात लहान मुलाचं धड जातं आणि डोकं अडकतं. गावातला वेल्डिंगवाला खेळणी करणार असेल तर हे माप त्याला कागदावर लिहून द्या.

घसरगुंडीचं तोंड उत्तरेला ठेवा, असा सल्ला परदेशी पुस्तिकांत असतो. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर. उत्तर-दक्षिण काही कामाचं नाही, पत्रा तापतोच. घसरगुंडी झाडाखाली बसवा, झाड मोठं होईपर्यंत वर शेडनेट ताणा.

व्यायामाची साधनं दहा घेण्यापेक्षा चार चांगली घ्या. ती बिघडतात बेअरिंगमध्ये. खरेदीच्या अटींतच तीन वर्षांची दुरुस्ती, सुटे भाग आणि किती दिवसांत माणूस येईल ते लिहा. नाहीतर पुरवठादार बिल निघाल्यावर फोन उचलत नाही. प्रत्येक साधनाजवळ मराठीत वापराची पाटी, आणि साधनं मुलांच्या कोपऱ्यापासून दूर.

तपासणी कशी करायची? झोपाळ्याची साखळी जिथे वरच्या कडीत अडकते तिथे शिडी लावून चढा, साखळी थोडी उचला आणि कडीच्या आतल्या बाजूवर अंगठ्याचं नख फिरवा. नवी कडी गुळगुळीत गोल लागते. वापरलेल्या कडीत खाच पडलेली असते, चकचकीत, बोटाला स्पष्ट कळणारी. खाच कडीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेली की त्याच दिवशी झोपाळा उतरवा. खालून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, आणि साखळी तुटते ती बहुतेक वेळा तिथेच.

पैसा

कुठल्याही निधीसाठी काम आधी ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावं लागतं, म्हणून ‘आमचा गाव, आमचा विकास’ या आराखडा करायच्या मोहिमेची तयारी सुरू असतानाच ते घाला. केंद्रीय वित्त आयोगाच्या निधीत बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायचा) आणि अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा) असे भाग पडतात. 15व्या आयोगात 60 टक्के बंधित हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी होता. बाग अबंधितमध्ये बसवायची, पण पाण्याची टाकी, सांडपाण्याची व्यवस्था आणि संडास बंधितमधून होऊ शकतो. अशी फोड केली की ओझं हलकं होतं.

जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास या अनुदान योजना असतात. अर्जाला जागेचा उतारा लागतो, इथेच मघाचे कागद कामाला येतात. पाच हजारांवर लोकसंख्या असलेल्या ग्रामपंचायतींना नागरी सुविधांचं विशेष अनुदान आहे, त्यात बागबगीचे येतात. मैदान सपाटीकरण आणि वृक्षलागवड रोजगार हमीतून होत आली आहे. यादी आणि नियम बदलत असतात, पंचायत समितीत आजची स्थिती विचारा. आमदार-खासदार निधी मिळतो, पण तो बांधकामाला. माळ्याच्या पगाराला नाही. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, मागताना ‘बाग करून द्या’ म्हणण्यापेक्षा ‘तीन वर्षं देखभाल द्या’ म्हणून बघा. राज्याच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानात गाव उतरलं असेल तर हरित जागेचे गुण मिळतात, आणि बक्षीस आलं तर पुढच्या लागवडीला पैसा होतो.

देखभालीसाठी बांधकाम खर्चाच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात वेगळी काढा. हा माझा ठोकताळा आहे, सरकारी नियम नाही. अर्धवेळ माणसाचं मानधन, वीजबिल, पाणी, ग्रीस-रंग-साखळ्या एवढं त्यात बसवून बघा. बसत नसेल तर बांधकाम लहान करा.

काम करून घेताना

अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश हा क्रम शाखा अभियंता सांगतीलच. तुम्ही तीन गोष्टींवर नजर ठेवा: मुरमाची जाडी दाबल्यानंतर मोजली जातेय का, खांबांचे खड्डे अंदाजपत्रकाएवढे खोल आहेत का, आणि मोजमाप पुस्तिकेत लिहिलेलं जागेवर आहे का. कामाची रक्कम, ठेकेदार आणि दोषदायित्वाचा (ठेकेदाराने बिघाड स्वतः दुरुस्त करून द्यायचा) कालावधी लिहिलेली पाटी पहिल्या दिवसापासून लावा. श्रमदान कुंपणाचे खड्डे, झाडं आणि रंगकामाला ठेवा. वेल्डिंग आणि वीज जाणत्याकडेच द्या. काम संपलं की नमुना 22 या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत नोंद करा, नाहीतर पुढच्या बॉडीच्या लेखी ही बाग नसतेच.

चावी, वेळ, नियम

जमल्यास कुलूप नकोच. लावायचंच असेल तर चावी सरपंचांच्या घरी नको, पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाकडे हवी. समोरचा दूधवाला किंवा चहावाला उत्तम. नियम पाच ओळींत बसावेत. खेळाची वेळ वाटून द्या: संध्याकाळी पाच ते सहा मुलींना आणि लहानांना, पुढे मोठ्यांना. हे कागदावर नसलं की दांडगी टोळी मैदान घेते. लग्न, बारसं, मेळावा यांना भाडं आणि अनामत ठेवा, मैदानावर मांडवाचे खुंट ठोकायचे नाहीत एवढी अट घाला, आणि ते पैसे बागेच्याच खात्यात जमा करा.

आणि कोपऱ्यात एका रात्रीत शेंदूर फासलेला दगड उगवला तर? 29 सप्टेंबर 2009 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, उद्यानं आणि इतर सार्वजनिक जागांवर नवीन अनधिकृत धार्मिक बांधकामाला मनाई केली आहे. हे कुठल्याही धर्माच्या बाबतीत लागू आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच गावातली वडीलधारी माणसं घेऊन बोला. चौथरा झाल्यावर बोलण्याला अर्थ उरत नाही.

पहिली दोन वर्षं

पहिल्या पावसात पाणी कुठे तुंबतं ते छत्री घेऊन जाऊन बघा आणि दिवाळीआधी तिथे मुरूम टाका. मेलेल्या झाडांच्या जागी पुढच्या जूनमध्ये नवी लावा, काही मरणारच. महिन्यातून एकदा साखळ्या, नट आणि बेअरिंग बघून तारीख-सहीची वही ठेवा. मोडलेलं खेळणं दुरुस्त होईपर्यंत उतरवून ठेवा, दोरीने बांधून ठेवलेला झोपाळा मुलं सोडतातच.

फेब्रुवारीत समितीची बैठक घ्या: टाकी, ठिबकच्या तोट्या, मार्च ते जून पाणी घालणाऱ्याचं नाव आणि मानधन. एप्रिलमध्ये टँकर लागणार असेल तर त्याचा ठराव मार्चमध्येच करून घ्या. वर्षाचा जमाखर्च आणि किती झाडं जगली हा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा, फलकावरही लावा. आकडा कमी असेल तर लोक शिव्या घालतील, पण पुढच्या आठवड्यात दोन-चार जण बादली घेऊन येतीलही.